पी०१७१ कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदलायचाच का?

सेन्सर इतक्यात विकत घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २०१७ ची पेट्रोल आहे, चेक इंजिनचा दिवा लागलाय, ब्लूटूथ स्कॅनरवर पी०१७१ आला आणि गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतायत. या कोडचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही गोष्ट ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरनेच कळवलेली असते, म्हणजे बहुतेक वेळा तो आपलं काम नीट करत असतो. बातमी आणणाऱ्यालाच बदलून काय उपयोग?

कोड अजून पुसला नसेल तर पुसू नका. आधी ॲपमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ उघडून स्क्रीनशॉट घ्या. कोड नोंदवला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि इंजिनावरचा लोड त्यात असतो. कोड पुसला की तेही जातं.

आता इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८० अंशांच्या वर. एसी बंद ठेवा. लाइव्ह डेटामध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम लावा. हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल द्यावं लागतंय, ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज करायची. उणे-अधिक १० च्या आत असेल तर साधारण ठीक. एकदा आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन नुसतं चालू ठेवून) बघा, मग गाडी न्यूट्रलला ठेवून २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून बघा.

समजा आयडलिंगला शॉर्ट +६, लाँग +१८ आहे, म्हणजे बेरीज +२४; आणि २५०० ला ती +५ वर आली. मग कुठूनतरी एअर लीक आहे. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारा पडदा) जवळजवळ बंद असतो, त्यापुढच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की तोच वाटा नगण्य होतो. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांमध्ये बघा, चीर तिथेच लपते. मग पीसीव्ही होज (इंजिनातली वाफ परत आत नेणारी नळी), ब्रेक बूस्टरची होज (ब्रेकला व्हॅक्यूम देणारी नळी) आणि इनटेकचं गॅस्केट. जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर जागा सापडली. कॉइल आणि वायरिंगचे कनेक्टर मात्र भिजू देऊ नका. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारून लीक शोधू नका, आग लागते.

उलट चित्र, म्हणजे आयडलिंगला +४ आणि २५०० ला किंवा चढावर +२०, दिसलं तर फ्युएल पंप कमजोर, पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला किंवा एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलेला. एमएएफ त्याच्याच स्प्रेने साफ करा, बोट किंवा कापड लावू नका. पंपासाठी प्रेशर गेज लावावाच लागतो, ते फोनवर कळत नाही.

एक मोठा अपवाद. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसून एमएपी सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाबच मोजतो, त्यामुळे एअर लीकची हवाही हिशोबात धरली जाते. ट्रिम फारसा वाढत नाही, आयडलिंगचे आरपीएम मात्र चढतात. अशा गाडीत हा कोड आला तर आधी पेट्रोलचा पुरवठा, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट कुठे फुटलाय का, ते बघा. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर सगळे आकडे पेट्रोलवर घ्या, किटचं ट्यूनिंग चुकलं तरी ट्रिम बिघडतात.

ऑक्सिजन सेन्सरची शंका राहिलीच तर पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. साध्या सेन्सरमध्ये तो साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर नाचतो. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावरही वर जात नसेल, तेव्हाच सेन्सर किंवा त्याची वायर संशयित.

स्कॅनर मध्येच तुटत असेल तर त्याची जोडणी फोनच्या सेटिंगमध्ये करून, मग ॲपमध्ये तो निवडा. पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. आयफोनला वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलई वाला स्कॅनर लागतो. काम झालं की काढून ठेवा: स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरी मिळत राहते, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

दुरुस्तीनंतरच कोड पुसा आणि दोन-तीन दिवस चालवून लाँग टर्म पुन्हा बघा. तो उणे-अधिक ५ च्या आसपास स्थिरावला तर दोष खरोखर गेला.