बुकिंग आणि ईमेलची यादी जोडून देणे हे करिअर होऊ शकते का?

स.न.वि.वि.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या कोल्हापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने तारकर्लीला मामांच्या होमस्टेची ऑनलाइन बुकिंग यंत्रणा आणि पाहुण्यांना ईमेल पाठवण्याची यादी एकमेकींना जोडून दिली, ते पाहून शेजारच्या दोघा होमस्टेचालकांनी पैसे देऊन तिला तेच काम सांगितले, आणि आता एमसीएची प्रवेश परीक्षा न देता हेच काम करायचे असे ती म्हणते आहे. "दोन वेबसाइट जोडून देणे याला काम म्हणायचे का, आणि उद्या एआय हे फुकट करू लागल्यावर हिने काय करायचे?" असे आपण विचारले आहे. वडील म्हणून आपली काळजी रास्त आहे, आणि प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

तिने नेमके काय केले ते आधी पाहू. पाहुण्याने खोली आरक्षित केली की बुकिंग यंत्रणा त्याच क्षणी एक निरोप ठरावीक पत्त्यावर धाडते. त्याला वेबहूक म्हणतात. झॅपिअर, मेक, एनएटएन (n8n) किंवा झोहो फ्लो यांसारखे एखादे जोडणीचे साधन तो निरोप उचलते, त्यातून नाव, ईमेल आणि येण्या-जाण्याच्या तारखा वेगळ्या काढते आणि मेलचिंपसारख्या, ईमेल पाठवणाऱ्या साधनातील यादीत त्या पाहुण्याची नोंद करते. मग येण्याच्या दोन दिवस आधी, कुडाळ स्थानकावरून मालवणमार्गे कसे पोहोचायचे हे सांगणारे पत्र आपोआप जाते आणि मुक्काम संपल्यावर आभाराचे जाते. मामी हेच काम रोज रात्री जेवणे उरकल्यावर वही पुढ्यात घेऊन करत असत, असे आपणच लिहिले आहे. त्यांचा तो तास वाचला, आणि त्यासाठीच शेजारी पैसे द्यायला तयार झाले. तेव्हा हे काम आहे, यात मला शंका नाही.

मात्र एवढ्याच कौशल्याच्या भरवशावर आयुष्य उभे करता येणार नाही, हेही मी स्पष्ट सांगते. अशा साध्या जोडण्यांचे तयार साचे ही साधने स्वतःच पुरवतात, आणि वर्णन लिहून दिले की एआय जोडणीचा आराखडा मांडून देतो. खरा व्यवसाय सुरू होतो तो ही जोडणी चुकते तिथे, आणि ती बहुतेक वेळा आरडाओरडा न करता, गुपचूप चुकते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयात समुपदेशनाच्या वेळा ठरवण्यासाठी अशी जोडणी करून घेतली होती. वेळ ठरल्याचे पहिले पत्र बुकिंग यंत्रणा स्वतः पाठवत असे आणि ते अचूक होते. आदल्या दिवसाचे स्मरणपत्र मात्र ईमेल यादीच्या साधनातून जात असे. बुकिंग यंत्रणा वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवत होती आणि जोडणी करताना त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे राहून गेले होते. सोलापूरचे एक पालक आपल्या मुलाला घेऊन रात्रीच्या एसटीने निघाले आणि पहाटे साडेपाच वाजता आमच्या बंद दारासमोर येऊन उभे राहिले, कारण सकाळी अकराची वेळ स्मरणपत्रात ५.३० अशी छापून गेली होती. साडेनऊला कार्यालय उघडेपर्यंत ते दोघे जिन्यात बसून होते. मुलाच्या मांडीवर दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पिशवी होती. ते गृहस्थ एका शब्दानेही रागावले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. जोडणी करणाऱ्या तरुणाने चाचणी घेतली होती, परंतु पत्र जाते की नाही एवढेच त्याने पाहिले होते. पत्र मिळालेला माणूस त्यावरून काय करील, हे पाहिले नव्हते.

आपल्या कन्येच्या कामात अशा जागा कुठे आहेत, हे तिला आपण विचारून पाहावे. पाहुण्याने बुकिंग रद्द केले, तर "आम्ही आपली वाट पाहत आहोत" हे पत्र थांबते का? वेबहूक स्वीकारल्याची पोच वेळेत मिळाली नाही, तर पुष्कळ यंत्रणा तोच निरोप पुन्हा पाठवतात. अशा वेळी एकाच पाहुण्याला दोनदा पत्र जाऊ नये म्हणून ती बुकिंग क्रमांक आधी तपासते का? यादीतून स्वतःहून बाहेर पडलेला पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा राहायला आला, तर त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीच्या यादीत तो परत ओढला जातो का? खोलीसाठी दिलेला ईमेल म्हणजे दिवाळीच्या सवलतीची पत्रे पाठवण्याची परवानगी नव्हे; २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे की माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी. शिवाय २०२४ पासून जीमेलने पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम या पद्धतींनी आपल्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची, ओळख पटवणे भाग पाडले आहे, त्यामुळे ईमेल यादीच्या साधनातून मामांच्या नेहमीच्या जीमेल पत्त्याच्या नावाने अशी पत्रे जात असतील, तर त्यांतली कित्येक स्पॅममध्येच पडत असण्याचा संभव आहे. होमस्टेच्या नावाचे स्वतःचे डोमेन घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

आणि पावसाळा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि तारकर्लीची जलक्रीडा पावसाळ्यात बंद असते. "उद्या किल्ला पाहायला चला" असे पत्र जुलैमध्ये एखाद्या कुटुंबाला गेले, तर तंत्र बिनचूक असूनही काम चुकलेले असेल. एआयला आराखडा मांडता येतो, पण हा प्रश्न त्याला विचारायचा असतो हे ज्याला सुचते त्यालाच पैसे मिळतात. आपली मुलगी लहानपणापासून आजोळी जात आली आहे, म्हणून तिला ते सुचण्याची शक्यता शहरातल्या एखाद्या कंपनीपेक्षा अधिक आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

आता अभ्यासाविषयी. साधनाच्या पडद्यावर चौकटी ओढून जोडण्यावर तिने थांबू नये. एपीआय (दोन यंत्रणांनी एकमेकींशी बोलण्याची ठरलेली पद्धत) म्हणजे काय आणि त्यातून येणारा जेसन (JSON) स्वरूपातील मजकूर कसा वाचायचा, जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा, साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्याची एसक्यूएल ही भाषा, आणि चुका नोंदवून ठेवण्याची पद्धत हे तिने नीट शिकावे. गुगलच्या सेवांना छोटे प्रोग्रॅम लिहून जोडणाऱ्या गुगल अ‍ॅप्स स्क्रिप्टपासून सुरुवात सोयीची आहे, कारण त्यासाठी गुगल खाते पुरते. साध्या खात्यावरून त्यातून दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवता येतात, आणि अशा मर्यादेत बसवून काम करणे हाही अभ्यासच आहे. त्यानंतर एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवून पाहावे. सेल्सफोर्सचे ट्रेलहेड आणि हबस्पॉट अकॅडमी यांवरील शिक्षण विनामूल्य आहे, आणि नोकरीच्या जाहिरातींत इंटिग्रेशन डेव्हलपर, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मार्केटिंग ऑपरेशन्स अशी जी पदे दिसतात त्यांना ते उपयोगी पडते.

एमसीएची प्रवेश परीक्षा मात्र तिने द्यावी. परीक्षा दिल्याने प्रवेश घेण्याचे बंधन येत नाही, आणि न दिल्यास एक वर्ष हातचे जाते. पदवीचे शेवटचे सत्र तर कोणत्याही कारणाने मागे पडता कामा नये. होमस्टेचालकांना उन्हाळ्याच्या हंगामाआधी काम हवे असेल, तर तिने त्या दोघांपैकी एकाचेच घ्यावे आणि दुसऱ्यांना परीक्षेनंतरची तारीख द्यावी.

जे काम घेईल त्याचा करार साध्या मराठीत, एका पानावर का होईना, लेखी असावा. सर्व खाती होमस्टेच्या मालकाच्या नावावर आणि त्यांच्याच ईमेलवर उघडावीत, तिच्या नव्हे. उभारणीचे पैसे वेगळे आणि महिन्याच्या देखभालीचे वेगळे ठरवावेत, कारण बुकिंग यंत्रणेने उद्या एखादे रकान्याचे नाव बदलले तरी जोडणी तुटते, आणि तेव्हा फोन हिलाच येणार आहे. काय कशाला जोडले आहे आणि बंद पडल्यास हाताने काय करायचे, हे मामींना वाचून कळेल असे लिहून त्यांच्या जुन्या वहीतच चिकटवून ठेवायला तिला सांगावे.

ते पान तयार झाले की त्याचा फोटो आणि रद्द झालेल्या एका बुकिंगची तिने घेतलेली चाचणी, एवढे माझ्याकडे पाठवावे. मी ते वाचून तिच्याशी स्वतः बोलेन. एमसीएच्या प्रवेशाचा निर्णय त्यानंतर, निकाल हाती आल्यावर, तिघांनी बसून घेता येईल.

आपली,
करिअर समुपदेशक