तैलरंगात कोकणातले दूरचे डोंगर दूर का वाटत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की डोंगरांच्या रंगात कितीही पांढरा मिसळला तरी ते मागे जात नाहीत, खडूसारखे दिसतात. माझ्या मते घोटाळा त्या पांढऱ्याचाच आहे. पांढऱ्याने रंग फिका होतो, पण त्यात हवा येत नाही. कोकणात हवेत बाष्प भरपूर. जितकं अंतर, तितका त्या हवेचा उजेड डोंगरावर चढतो आणि सगळ्यात आधी सावल्या विरतात.

म्हणून मी आधी क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग भरपूर घोटून ठेवतो: टायटॅनियम व्हाइट, थोडा अल्ट्रामरिन (निळा), त्याहून कमी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा). मग जवळच्या माडांचा हिरवा करायचा, अल्ट्रामरिन, ऑकर आणि सिएना यांतूनच. ट्यूबमधला तयार हिरवा कोकणात फार घात करतो. याच हिरव्याचे तीन-चार वाटे करून प्रत्येकात आकाशाचा रंग वाढवत न्यायचा. शेवटच्या वाट्यात हिरवा जेमतेम उरतो. तो तुमचा लांबचा डोंगर.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून सुवर्णदुर्ग रंगवताना मी हे शिकलो. तट काळपट, हे डोक्यात पक्कं बसलेलं, तसाच लावला आणि किल्ला एकदम पुढे आला. मग पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून एक डोळा मिटून पाहिलं. तट आणि त्यामागचा समुद्र यांत एका छटेचाच फरक होता! तेव्हापासून रंग पॅलेट नाइफच्या (रंग घोटायच्या पात्याच्या) टोकावर घेऊन त्या भोकाशेजारी धरतो, जुळला तरच कॅनव्हासवर लावतो.

दूरचं ते निळंच, असं मात्र धरून चालू नका. सकाळी सूर्य पाठीशी असताना समुद्राकडचं सगळं निळसर राखाडी दिसतं. संध्याकाळी तिकडेच पाहिलं तर धुरकट हवा पिवळसर होते, तेव्हा आकाशाच्या रंगाचा गोळाही तसाच करा.

लांबच्या कडा रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसट करा. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, घाई करू नका.

पुढच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, जांभा खुशाल तांबडा ठेवा. त्यातही आकाशाच्या गोळ्यातला कणभर गेला की तो तांबडा वेगळा पडत नाही.