बॅकअप आहे हो, पण परत आणायचा कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत तीस-पस्तीस माणसांचं युनिट, सर्व्हर एकच. त्यावर हिशेबाची टॅली, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (माल, चलनं, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंगचे फोल्डर. रोज रात्री नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत) पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची हुबेहूब प्रत जाते, डेटाबेसचा वेगळा बॅकअप होतो, फाइली क्लाउडवरही जातात. सॉफ्टवेअर उघडलं की रिस्टोअरचे चार-पाच पर्याय दिसतात, तर त्यातला योग्य कोणता?

सॉफ्टवेअर काय काय करू शकतं हे बाजूला ठेवा. आधी बघा, गेलंय काय? जेवढं गेलं तेवढंच परत आणायचं, आणि शक्यतो चालू मालावर न टाकता शेजारी. अठरा वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातले सर्व्हर सांभाळतोय. डिस्क उडून जितका डेटा गेला, त्याहून जास्त मी घाईच्या रिस्टोअरमध्ये गेलेला पाहिलाय.

चाकणच्या एका कारखान्यातली गोष्ट. महिनाअखेर, सकाळचे साडेअकरा. कुणीतरी एक्सेलमधून आयटम मास्टर (मालाची मुख्य यादी) अपलोड केला आणि सगळ्या आयटमचे दर शून्य झाले. सपोर्टच्या पोरानं काय केलं, तर आदल्या रात्रीची पूर्ण इमेज परत टाकली. दर आले जागेवर. पण सकाळपासून चार गाड्या गेटबाहेर पडल्या होत्या, त्यांची चलनं आणि बिलं पुसली गेली. वॉचमनचं रजिस्टर आणि चलनबुकातल्या फिकट निळ्या कार्बन कॉप्या घेऊन दोन मुली रात्री नऊपर्यंत एंट्र्या करत बसल्या. खरी गंमत पुढे आहे. त्या बिलांचे ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर आधीच निघालेले होते. ईआरपीला त्याचा पत्ताच नाही, ते पुन्हा तेच बिल नंबर देऊ लागलं आणि पोर्टल 'डुप्लिकेट' म्हणून परत पाठवू लागलं. नंबरांची मालिका हातानं जुळवावी लागली.

करायला काय हवं होतं? रात्रीचा डेटाबेस बॅकअप त्याच सर्व्हरवर दुसऱ्या नावानं उभा करायचा, त्यातला फक्त दरांचा तक्ता उचलून चालू डेटाबेसमध्ये आणायचा. ईआरपीवाला फोनवर असेल तर अर्ध्या तासाचं काम. टॅलीलाही हेच. बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, कंपनी तिथून उघडून बघा, मग ठरवा. चालू डेटाच्या जागेवर थेट ओतू नका.

डेटाबेसच खराब झाला असेल, तर खेळ लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा याची सेटिंग) 'फुल' असेल आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी लॉगचा बॅकअप जात असेल, तर अकरा पंचवीसला डेटा जसा होता तसाच्या तसा परत मिळतो. मॉडेल 'सिंपल' असेल तर रात्रीचा बॅकअप एवढंच तुमचं नशीब, मधल्या दिवसाचं कागदावरून. 'फुल' असलं तरी रिस्टोअरला हात लावण्याआधी उरलेल्या लॉगचा एक शेवटचा बॅकअप काढायचा असतो. घाबरलेल्या माणसाकडून नेमकी हीच पायरी सुटते, आणि मग शेवटची वीस मिनिटं कायमची जातात.

पूर्ण इमेज ही मशीनच गेली तर वापरायची चीज: मदरबोर्ड उडाला, विंडोज उठतच नाही, सर्व्हर चोरीला गेला. इथे तयारी आधीची लागते. बूट होणारा पेनड्राइव्ह, नव्या मशीनच्या रेड कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावला असेल तर त्याची ४८ आकडी की. एका ठिकाणी ती की बंद पडलेल्या त्याच सर्व्हरवरच्या वर्ड फाइलमध्ये सापडली असती! टॅली आणि ईआरपीचं लायसन्सही नव्या हार्डवेअरवर पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागू शकतं, ते नंबर कागदावर असू द्या. इमेज महिन्याहून जुनी आणि ऑफिसमध्ये डोमेन (सगळ्या पीसींचं लॉगिन सर्व्हरवरून चालणारी व्यवस्था) असेल, तर काही पीसी सर्व्हरला ओळख दाखवत नाहीत. डोमेनमधल्या पीसीचा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो म्हणून. पीसी डोमेनमधून काढून परत जोडले की प्रश्न सुटतो.

नवा सर्व्हर यायला चार दिवस लागणार आणि गाड्या आज निघायला हव्यात, अशा वेळी तीच इमेज एखाद्या दणकट डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन (त्या डेस्कटॉपच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा सर्व्हर) म्हणून उठवा. हळू चालेल, पण चलन निघेल. एक मात्र लक्षात ठेवा: त्या क्षणापासून खरा डेटा त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये साठतोय. नवा सर्व्हर आला की त्यावर व्हर्च्युअल मशीनमधलाच डेटा हलवायचा. जुनी इमेज पुन्हा टाकलीत तर चार दिवस गेले.

क्लाउडबद्दल भ्रम नको. १ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला, लाइन पूर्ण वेगानं चालली तरी, २२ तास लागतात. तोच डेटा नॅसवरून गिगाबिट नेटवर्कनं अडीच-तीन तासांत येतो. पण नॅस सर्व्हरच्या शेजारीच असतो ना! २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा त्या भागातल्या माझ्या एका क्लायंटचा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि नॅस दोन्ही एकाच रॅकमध्ये भिजले. वाचवलं ते मालकानं दर शनिवारी घरी नेलेल्या यूएसबी डिस्कनं. सोमवार ते बुधवारचं काम क्लाउडवरून उतरवलं, बाकी सगळं डिस्कवरून.

रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) असेल तर वरचं बरंचसं उलटं होतं. शेवटचा बॅकअप सर्वात चांगला असेलच असं नाही, कारण चोर आठवडा-दोन आठवडे आधीच आत येऊन बसलेला असू शकतो. पहिलं काम नेटवर्कची केबल काढणं. मग नॅसवरच्या इमेज शाबूत आहेत का ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बघा. नॅस सर्व्हरला ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेला असेल तर त्याही लॉक झालेल्या असतील. विंडोजच्या शॅडो कॉपीवर (विंडोज स्वतःच ठेवतं त्या जुन्या प्रतींवर) विसंबू नका, हे लोक त्या आधी उडवतात. इथे पूर्ण इमेज परत टाकू नका, चोराचा दरवाजाही परत बसेल. विंडोज नवं टाका, पासवर्ड सगळे बदला आणि बॅकअपमधून फक्त डेटा आणा. खराब झालेली डिस्क पुसू नका, बाजूला ठेवा. आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लहान कारखान्यांत हे कुणाला माहीतच नसतं.

तीन ठिकाणी बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २०१७ मध्ये चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. कुणीतरी सहा तास आधी योगायोगानं काढलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) भागलं. तेव्हा एकदा रंगीत तालीम करा. गुरुवार धरू नका, महावितरणचं देखभालीचं काम निघालं तर तालीम अंधारात व्हायची. जुन्या पीसीवर इमेज उठवा, टॅली उघडा, कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

आता तुमचं नेमकं सांगायचं तर दोन गोष्टी बघून कळवा: ईआरपीच्या डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल काय आहे, आणि नॅसचा ॲडमिन पासवर्ड सर्व्हरवर सेव्ह केलेला आहे का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर सर्व्हरमध्ये शिरलेल्या चोराला नॅसही उघडा आहे; बाकीचं राहू द्या, आज संध्याकाळीच तो बदला.