‘अपाला’ म्हणजे इतराजी की खप्पामर्जी?

झारची मर्जी फिरल्यावर दरबारी माणसावर जी वेळ येते तिला रशियन भाषेत ‘अपाला’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘पदच्युती’ चालेल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते चालणार नाही. पदच्युतीत फक्त पद जाते. ‘अपाला’ म्हणजे मुळात राजाचा रोष. पद, जहागीर आणि राजधानीतला मुक्काम सुटतो तो त्या रोषापायी. त्यासाठी ‘इतराजी’ हा आपला जुना दरबारी शब्द तयारच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हरकत, आक्षेप. हिंदीतल्या ‘एतराज’मध्ये तो टिकला, मराठीत मात्र त्याला वरिष्ठांच्या नाराजीचा रंग चढला.

‘खप्पामर्जी’ही कुणाला सुचेल, पण या दोहोंत फरक करावा. अलेक्सांद्र मेन्शिकोवचेच पाहा. सामान्य घरातला हा मुलगा झार पहिल्या पीटरचा खिदमतगार झाला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गचा पहिला गव्हर्नर. त्याची अफरातफर वारंवार उघडकीस येई, पीटर त्याला दंड करी, प्रसंगी स्वतःच्या हातातल्या काठीने बडवीही, आणि पुन्हा जवळ करी. ही झाली खप्पामर्जी.

१७२७मध्ये अकरा वर्षांचा दुसरा पीटर गादीवर आला, तेव्हा मेन्शिकोवने त्याला आपल्याच वाड्यात आणून ठेवले आणि आपली मुलगी मारिया हिच्याशी त्याचा वाङ्‌निश्चयही उरकला. त्याच उन्हाळ्यात मेन्शिकोव आजारी पडला, दोल्गोरुकी या उमराव घराण्यातल्या मंडळींनी बालझारचे कान भरले, आणि सप्टेंबरात मेन्शिकोवला अटक झाली. किताब, जमिनी, सगळे जप्त होऊन तो १७२८मध्ये सैबेरियातल्या बेर्योझोवला पोचला; पत्नी दार्या वाटेतच वारली. एकेकाळच्या या फील्डमार्शलने तिथे लाकडी चर्च उभारताना स्वतः कुऱ्हाड चालवली आणि १७२९मध्ये तिथेच देह ठेवला. याला खप्पामर्जी म्हणणे थट्टेचे होईल, ही इतराजीच. (१७३०मध्ये दोल्गोरुकींचीही रवानगी त्याच बेर्योझोवला झाली.)

अडचण येते ती विशेषणाची. रशियनमध्ये अशा माणसाला ‘अपाल्नी’ म्हणतात. मराठीत ‘इतराज सरदार’ म्हणता येत नाही, तिथे ‘मर्जीतून उतरलेला सरदार’ म्हणावे. आणि ‘मेन्शिकोव इतराजीत पडला’ असेही लिहू नये. इतराजी ही करणाऱ्याची असते आणि ती कुणावर तरी होते, म्हणून ‘मेन्शिकोववर झारची इतराजी झाली’ हीच रचना बरोबर.