मित्राचं नाटक मुंबईत वांद्र्याच्या एका जुन्या फिल्म स्टुडिओत आहे. त्यासाठी दोन दिवस मोडून बडोद्याहून जावं का? आणि आवडलं नाही तर त्याला काय सांगायचं?

जा. फक्त खुर्ची पुढची पकडा.

माझंही गेल्या वर्षी हेच झालं. मित्र बडोद्याच्या दांडिया बाजारातला, गणपतीतल्या एकांकिकांपासूनचा. आता मुंबईत असतो. त्याचा प्रयोग वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत होता. मेहबूब खान तसे आपलेच, जुन्या बडोदा संस्थानातले, बिलिमोऱ्याचे. हिल रोडवरचा हा स्टुडिओ त्यांनी १९५४ साली उभारला, ‘मदर इंडिया’च्या तीन वर्षं आधी. हे सगळं मी गाडीत बायकोला रंगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, “बिलिमोरा मघाशीच गेलं.”

बाहेरून स्टुडिओचा फ्लोअर म्हणजे एक भलंमोठं गोदाम. आत उंच छप्पर, अंधार, आणि वर लाइटवाले बसतात ते लाकडी तराफे. रंगमंच नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. आयोजकांनी सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या. माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ बसले, म्हणून आम्ही उठून तिसऱ्या रांगेच्या कडेला गेलो. ते बरंच झालं.

खरी गंमत आवाजाची. शूटिंगच्या वेळी रस्त्यावरचा हॉर्न आत यायला नको आणि आतला संवाद भिंतीवर आपटून घुमायला नको, म्हणून अशा जागेच्या भिंती आवाज गिळून टाकतात. नाट्यगृहाचं उलट असतं, तिथे नटाला आपला आवाज थोडा परत ऐकू येतो आणि त्यावर तो अंदाज बांधतो. आमच्या गड्याचा आवाज बडोद्याच्या गांधी नगरगृहात, म्हणजे तिथल्या नाट्यगृहात घडलेला. माइकशिवाय शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचवायचा, हेच त्याला लहानपणापासून ठाऊक. इथे त्याने तसाच आवाज टाकला, काहीच परत आलं नाही, म्हणून आणखी चढवला. दहा मिनिटं हेच. तिसऱ्या रांगेतून मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. बायको पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. ती अवघडली की असंच करते.

मग दवाखान्यातला प्रवेश आला. आई खाटेवर, आणि हा शेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलतोय. खरं संत्रं. साल निघाली आणि वास आमच्यापर्यंत आला. फोडीवरचे पांढरे धागे तो एकेक करून काढत होता, आणि बोलत होता ते घरात ओट्याशी उभं राहून बोलावं तसं, जवळजवळ पुटपुटत. शब्द न् शब्द कळला. तेवढ्या वेळात एकही खुर्ची करकरली नाही. नगरगृहात हा प्रवेश पाचव्या रांगेपलीकडे गेला नसता, असं माझं मत.

बाकी नाटक? अर्धा तास जास्त. शेवटची दोन स्वगतं मी तरी कापली असती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. “छान झालं रे” एवढंच म्हणू नका, नाटकवाल्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. आणि सगळी यादीही तिथेच वाचू नका. अजून चेहऱ्यावरचा रंग उतरलेला नसतो. मी बाहेर चहा घेताना म्हटलं, “पहिली दहा मिनिटं तू गांधी नगरगृहात होतास.”

तो काही बोलला नाही. कपातलं संपवलं. मग विचारलं, “आणि नंतर?”

“नंतर संत्र्याचा वास आला.”

स्वगतांचं मी आठवड्याने फोनवर सांगितलं. तेव्हा भांडला, पण पुढच्या प्रयोगाला एक कापलं होतं म्हणे. दुसरं अजून आहे.

तुम्ही दोन दिवस मोडतात म्हणता, तेवढे लागणार नाहीत. सकाळच्या गाडीने जा, बोरिवलीला उतरून लोकलने वांद्रे. परतीची रात्रीची गाडी वांद्रे टर्मिनसवरून मिळते का बघा, स्टुडिओपासून रिक्षाने टर्मिनस गाठता येतं. पण वेळ हातात ठेवून तिकीट काढा. प्रयोग संपल्यावर नट बाहेर यायला अर्धा तास सहज जातो, आणि त्याला न भेटता निघालात तर नाटक आवडलं नाही असंच तो धरून चालेल.