आइंडहोवन (नेदरलँड्स) ते मिलान (इटली), व्हॅनमधून घरसामान

आधी वजन बघा, मग जागा. बी वर्गाच्या, म्हणजे साध्या कारच्या परवान्यावर जास्तीत जास्त ३,५०० किलो एकूण मान्य वजनाची व्हॅन चालवता येते. गाडीचं स्वतःचं वजन, तुम्ही दोघं आणि डिझेल धरलं की सामानाला साधारण हजारेक किलो उरतात. मागे लिफ्ट असेल तर त्याहून कमी. पुस्तकांची खोकी इथेच घात करतात: व्हॅन अर्धी रिकामी दिसते आणि काटा ओलांडलेला असतो.

नकाशा स्वित्झर्लंडमधून जवळचा रस्ता दाखवेल. तो सोडा. ते युरोपीय संघाबाहेर, म्हणजे घरसामान नुसतं पलीकडे न्यायचं तरी कस्टमची कागदपत्रं आली. म्युनिक, ब्रेनर (ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची खिंड), व्हेरोना असं जा, मुक्काम म्युनिकच्या अलीकडे. ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्गाचा पास) सीमेआधी घ्या. ब्रेनरच्या ए१३ महामार्गाचा टोल त्यात येत नाही, तो वेगळा.

वॉशिंग मशीन आणि पुस्तकं चालकामागच्या भिंतीला लागून, तळाशी. जड सामान मागच्या चाकांच्याही मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग धरत नाही. मशीनचा ड्रम वाहतुकीच्या बोल्टांनी जखडा. फ्रिज उभाच. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला आतल्या बाजूने चिकटवा (दिसणाऱ्या बाजूला नको, टेपबरोबर पॉलिश निघतं). ‘किरकोळ’ लिहिलेल्या खोक्यात ते गेले, तर पहिली रात्र जमिनीवर. सामान बांधायचे रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे ५० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. सामान बसतं तसे ते ढिले पडतात.