चित्र नुसते उघडल्याने धोका असतो का?

प्रश्न : माझ्या संगणकावर छायाचित्रे पाहण्याचा आणि संपादित करण्याचा एक जुना प्रोग्राम आहे. तो नीट चालतो, म्हणून मी तो कित्येक वर्षांत अद्ययावत केलेला नाही. ब्राउझर आणि विंडोज मात्र नेहमी अद्ययावत असतात. चित्राची फाइल नुसती उघडल्याने संगणकावर हल्ला होऊ शकतो का? - एक वाचक

उत्तर : होय, होऊ शकतो. तुमचा प्रोग्राम नीट चालतो, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही, कारण असे दोष रोजच्या वापरात कुठेच जाणवत नाहीत.

चित्र पडद्यावर दिसण्याआधी प्रोग्रामला ती फाइल उलगडावी लागते. रंगांच्या माहितीबरोबरच चित्राची रुंदी, उंची, पुढचा भाग किती बाइटचा आहे, असे आकडेही तिच्यात असतात आणि त्यांच्या आधारे प्रोग्राम मेमरीत जागा राखतो. एखादा आकडा मुद्दाम खोटा लिहिलेला असेल आणि प्रोग्रामने तो पडताळला नाही, तर माहिती राखलेल्या जागेबाहेर जाऊन शेजारच्या मेमरीवर लिहिली जाते; हल्लेखोराने हे नेमके साधले, तर संगणक त्याच्या सूचना पाळू लागतो. २००४ साली मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला, जेपेग या छायाचित्रांच्या नेहमीच्या स्वरूपातल्या फाइली उलगडण्यातला दोष याच जातीचा होता. जेपेग फाइलमध्ये साठवलेल्या टिप्पणीच्या लांबीत ती लांबी लिहिण्यासाठी लागणारे २ बाइटही धरलेले असतात, त्यामुळे तो आकडा २ पेक्षा कमी असूच शकत नाही. तिथे ० किंवा १ लिहिले की त्यातून ते २ बाइट वजा करताना उत्तर ऋण येई आणि प्रोग्राम तेच प्रचंड मोठी धन संख्या समजून तेवढी माहिती नकलू लागे.

ब्राउझर अद्ययावत असणे पुरेसे का नाही, हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. वेबपी या स्वरूपातली चित्रे उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, गंभीर दोष सापडला आणि दुरुस्ती येण्यापूर्वीच त्याचा गैरवापर सुरू झाला होता. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी तातडीने सुधारित आवृत्त्या दिल्या; परंतु हीच लायब्ररी असंख्य प्रोग्राम आपापल्या प्रतीच्या रूपाने सोबत बाळगतात आणि ब्राउझरमधली प्रत बदलली म्हणून त्यांच्यातली बदलत नाही.

फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिले आहे, यावरही विसंबू नये. २०२१ मध्ये आयफोनवरील एका हल्ल्यात जिफ असे नाव दिलेल्या फाइली प्रत्यक्षात पीडीएफ होत्या. शिवाय फोल्डरमध्ये चित्राची छोटी प्रतिमा दिसते, तेव्हाही कुठल्या तरी प्रोग्रामने ती फाइल उलगडलेलीच असते.

संपादनाच्या प्रोग्राममध्ये धोका अधिक, कारण तो क्वचित लागणारी अनेक जुनी फाइल-स्वरूपेही वाचतो. म्हणून तुमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती उपलब्ध असेल तर ती निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि न लागणाऱ्या स्वरूपांचे प्लगिन (प्रोग्रामला जोडलेले पूरक भाग) काढावेत. निर्मात्याने सुधारणा देणे थांबवले असेल, तर तो कितीही सवयीचा असला तरी काढून टाकावा, असेच मी आग्रहाने सांगेन.